ओढा, झाड आणि रस्ता

नगराचा इतिहास लिहितांना स्वाऱ्या, वाडे आणि देवळें यांची नोंद आपण मोठ्या आवडीनें करतों. पण पावसाचें पाणी त्या नगरांतून कोणत्या वाटेनें वाहून जात होतें, हें विचारण्याची कोणास आठवण होत नाहीं. वास्तविक ओढा, झाड आणि रस्ता या तिहींची व्यवस्था नीट असेल, तरच नगर राहण्याजोगें होतें. या दृष्टीनें पुण्याचें उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

जुनें कसबें पुणें दोन ओढ्यांच्या मध्यें वसलें होतें. पूर्वेस नागझरी व पश्चिमेस आंबील ओढा. कात्रजच्या डोंगरांत उगम पावणारा आंबील ओढा तेव्हां गांवाला लागूनच मुठेस मिळे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं त्याचा प्रवाह पर्वतीजवळून वळविला आणि शहरास पश्चिमेकडे वाढण्यास वाव मिळाला. निसर्गाच्या कामांत मनुष्यानें केलेला हा उघड हस्तक्षेपच होता. परंतु ओढ्याची जुनी वाट घेतांना पेशव्यांनीं त्यास दुसरी वाट करून दिली, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधून पाण्यास विसांव्याची जागाही ठेवली, ही गोष्ट विसरतां कामा नये. 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावांतून शहरांत आणलेला नळ हें त्याच दृष्टीचें फळ होय. कोणत्याही यंत्रावांचून, केवळ उताराच्या जोरावर, तें पाणी जमिनीखालून शहरांतील हौदांपर्यंत येत असे.

मात्र जुन्या काळाचें निव्वळ गुणगान करणें आम्हांस मान्य नाहीं. पाणी गांवांत आलें म्हणून तें सर्वांचें झालें, असें घडलें नाहीं. 1868 मध्यें जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, तेव्हां ही उणीव साऱ्या पुण्यास दिसली. पाण्याची व्यवस्था म्हणजे केवळ दगडमातीचें काम नव्हे; पाणी कोणाचें, हा प्रश्नही तींत येतो.

झाडांची गोष्ट अशीच आहे. उंबऱ्या गणपति, चिंचेची तालीम, निवडुंग्या विठोबा हीं नांवें पाहावींत; लोकांनीं देवास आणि तालमीस झाडांवरून ओळखलें. वड, पिंपळ, उंबर यांस पाराचा मान होता, आणि पाराभोंवतीं माती मोकळी असे. पुढें रस्त्यांच्या कडेस मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिकेंतील पर्जन्यवृक्ष आले. सावली त्यांनींही दिली. पण आपल्या पाखरांस व किड्यांस उंबराच्या फळांनीं जो आधार मिळतो, तो त्यांच्यापासून कसा मिळावा? त्यांतून रस्ता बुंध्यापर्यंत सिमेंटनें बुजविला, म्हणजे देशी काय आणि परकी काय, दोन्ही झाडें सारखींच गुदमरतात. 1975 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें शहरांत वृक्ष प्राधिकरण नेमणें व वेळोवेळीं झाडांची गणना करणें आवश्यक ठरविलें. ही गणना इष्टच आहे. पण झाड मोजणें निराळें आणि त्याच्या मुळांस हातभर माती ठेवणें निराळें.

एकोणिसाव्या शतकांत पुण्यास म्युनिसिपालिटी लाभली आणि 1950 मध्यें तिची महानगरपालिका झाली. शहराच्या भूमीचा भाव चढत गेला, तसा ओढ्यांचा मान उतरत गेला. नागझरी म्हणजे नाला, आंबील ओढा म्हणजे कचऱ्याची जागा, असा व्यवहार रूढ झाला. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेस महापूर आला. त्या आपत्तीचें कारण धरणांत होतें. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीं कोणतेंही धरण फुटलें नव्हतें. एका मुसळधार पावसानें आंबील ओढा काठावरच्या वस्त्यांत शिरला आणि पुणें व परिसरांत वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील कित्येक जण ओढ्याच्या काठींच घर करण्यावांचून ज्यांस गत्यंतर नव्हतें, अशांपैकीं होते.

ओढ्याचें खातें वेगळें, झाडांचें वेगळें आणि रस्त्यांचें वेगळें, अशी वांटणी कचेरींत सोयीची असेल. पावसास ती ठाऊक नाहीं. रस्ता पाणी मुरूं देत नाहीं, झाडाखालीं माती उरत नाहीं, म्हणून सारा भार ओढ्यावर पडतो आणि ओढा भिंतींत कोंडलेला असतो. पेशव्यांनीं ओढा वळविला, पण त्याची जागा त्यास दिली. आपण ती जागा मागे घेतली. तिची किंमत कोणी दिली, हें 2019 सालानें दाखवून दिलें आहे. ती पुन्हां त्याच लोकांकडून वसूल होऊं नये, एवढी काळजी तरी लोकांनीं निवडलेल्या सभेनें घेतलीच पाहिजे.