दारातला जुना ट्रक आणि पान्याचा इतिहास

१/
मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गुजरातची हद्द लागण्यापूर्वीचा महाराष्ट्राचा शेवटचा तालुका म्हणजे तलासरी. अशा महामार्गांच्या काठी अंगणात जॅकवर चढवलेला जुना ट्रक हे नवलाचे दृश्य नाही. मालकाची ही गरिबी किंवा हौस असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक त्यामागे युद्ध, आयातबंदी आणि परवाना-राज्याचा मोठा इतिहास आहे.

२/
दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, देशात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. अनेक बसगाड्या व लॉऱ्यांना कोळशापासून वायू निर्माण करणारी भट्टी जोडण्यात आली. ही भट्टी नेमाने झाडावी लागे, गाळण्या धुवाव्या लागत. हयगय झाली की राख इंजिनात शिरे. गाडी चालवणाऱ्यालाच ती राखावी लागते, हा धडा त्या काळाने दिला.

३/
युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा लॉऱ्या विक्रीस निघाल्या. पाठोपाठ १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले : केवळ सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्या कंपन्यांना स्थान नाही, उत्पादन येथेच झाले पाहिजे. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने काम थांबवले, फोर्डनेही गाशा गुंडाळला. त्यांचे ट्रक मात्र रस्त्यावरच राहिले. भागांची आयात आटल्यावर उपाय दोनच : दुसऱ्या मोडक्या गाडीचा भाग काढणे किंवा लेथवर नवा घडवणे.

४/
१९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. त्याचे डिझेल इंजिन सहा सिलिंडरचे होते. ट्रक बहुधा चासीच्या रूपात विकला जाई, केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधीत. अर्ध्या गाडीचे कारागीर गावाजवळचेच असल्याने दुरुस्तीही गावाजवळ झाली.

५/
अंगणात काय होत असे? किंगपिनला आणि कमानीच्या पिनांना ग्रीस भरणे, ऑइल व फिल्टर बदलणे, ब्रेकचे लायनर बसवणे. कमानीचा पाटा तुटला तर यू-बोल्ट सोडून नवा पाटा चढवणे. डिझेलच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडले, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देणे. क्लिनर म्हणून लागलेला पोरगा हे सारे पाहत पाहत शिके आणि पुढे ड्रायव्हर किंवा मिस्त्री होई.

६/
या घरगुती विद्येला सीमाही होत्या. डिझेल-पंपातून प्रत्येक सिलिंडरला नेमके किती इंधन जाते, हे चाचणी-यंत्राशिवाय कळत नाही. तो पंप शहरातल्या वर्कशॉपलाच न्यावा लागे. अंदाजाने पंप छेडला की काळा धूर, वाढलेला डिझेल-खर्च आणि अखेर जळालेले पिस्टन.

७/
१९६९ मध्ये करार संपला. ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचे 'टी' हे अक्षर आले. परवाना-राज्यात मागणीइतके ट्रक तयार होत नसत, नव्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागे. जुना ट्रक जगवणे म्हणजे मालकाला धंदा जगवणेच होते. एकदोन ट्रकांच्या मालकाकडे बदली गाडी नसते, गाडी उभी राहिली की मिळकत थांबते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

८/
कायद्याची नजर आधीपासूनच होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीला योग्यता-प्रमाणपत्राची अट होती, १९८८ च्या कायद्यात ती कलम ५६ म्हणून कायम राहिली. तिचे कारण उघड आहे. अंगणात बसवलेला ब्रेक धावतो तो सार्वजनिक रस्त्यावर, आणि तो निकामी झाला तर किंमत इतरांनाही मोजावी लागते.

९/
खरा बदल इंजिनात झाला. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलचा हिशेब आता संगणक ठेवतो, बिघाड शोधण्यासाठी स्कॅनर लागतो. धूर पुष्कळ कमी झाला, पण कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीचा अधिकारही आटला.

१०/
२०२१ मध्ये वाहन-भंगार धोरण आले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या अवजड ट्रकचे योग्यता-शुल्क १२,५०० रुपये झाले, पूर्वी ते सुमारे १,५०० होते. स्वच्छ हवा आणि सुरक्षित रस्ता ही मागणी रास्तच आहे. मात्र एकाच जुन्या ट्रकवर संसार चालवणाऱ्याला नवा ट्रक घेण्याइतके भांडवल कोण देणार, हा प्रश्न त्या शुल्काने सुटत नाही. हा ट्रक इतकी वर्षे दारात टिकला तो केवळ लोखंडाच्या बळावर नव्हे, तर मालकाला त्याचा प्रत्येक बोल्ट हाताने सोडवता येत होता म्हणून.