सुवर्णपरीक्षा, महाराष्ट्रातील

सोने, चांदी इ. मौल्यवान धातूंच्या वस्तूंतील शुद्ध धातूचे प्रमाण निश्चित करून त्यावरून त्यांचे मूल्य ठरविण्याची विद्या व व्यवसाय. दागिन्याचे धातुमूल्य वजन, कस व चालू भाव या तिहींच्या गुणाकाराने निघते. वजन तराजूत दिसते व भाव बाजारात कळतो. कस मात्र परीक्षकाखेरीज इतरांना सहसा दिसत नाही. त्यामुळे परीक्षेच्या साधनांइतकाच परीक्षकाच्या सचोटीची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न या विद्येच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. गावच्या पोतदाराच्या कसोटीपासून नवी मुंबईसारख्या नियोजित नगरातील प्रमाणित मुद्रेपर्यंत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेलेली दिसतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना कसोटीच्या दगडावरील रेषेच्या रंगावरून सोन्याची परीक्षा कशी करावी, याचे विवेचन आहे. सोने चोरण्याचे तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक व पिंक असे पाच प्रकारही त्यात दिले आहेत. म्हणजे परीक्षेच्या शास्त्राबरोबरच फसवणुकीचे ज्ञानही त्या काळी पूर्ण विकसित झालेले होते. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत ज्ञात कसाच्या सोन्याशी तुलना करून परीक्षा घेण्याच्या ‘बनवारी’ पद्धतीची माहिती आढळते. तीत सर्वोच्च कसाच्या सोन्यास ‘बाराबानी’ म्हटले आहे. मराठीत चोख सोन्यास ‘बावनकशी’ म्हणतात. कसास लागणे, कसोटीस उतरणे हे वाक्प्रचार याच व्यवसायातून भाषेत रूढ झाले.

कसोटी हा काळ्या रंगाचा, कठीण व बारीक कणांचा सिलिकायुक्त दगड असतो. त्यावर दागिना घासून रेघ काढतात व शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढतात. नंतर दोन्हींवर तेजाब लावले असता हिणकस धातू विरघळतात; उरलेल्या रंगाची तुलना करून कस सांगतात. अनुभवी सराफाच्या हातीही या पद्धतीत सु. १ टक्का चूक संभवते. परंपरागत कोष्टकानुसार ८ गुंजांचा १ मासा व १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्यास ९६ गुंजा होतात. त्या हिशेबाने पाच तोळ्यांच्या डागात १ टक्क्याची चूक म्हणजे जवळजवळ पाच गुंजा सोने होय. ही तूट बहुधा अडचणीत दागिना मोडणाऱ्याच्या पदरी पडे. शिवाय मुलाम्याखालील धातू वा सांध्यातील डाख रेघेवरून कळत नाही.

मराठी राज्यात गावोगावी नाण्यांची पारख करणारा पोतदार असे व तो बहुधा सोनार जातीचा असे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही इ. अनेक रुपये एकाच वेळी चलनात असत व त्यांचे वजन आणि कस भिन्न असत. त्यामुळे सारा भरताना किंवा कर्ज फेडताना नाण्याच्या प्रकारानुसार बट्टा कापला जाई. पोतदाराच्या निवाड्यावर रयतेचे देणे कमीअधिक होई. त्याची पारख हा म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हे, तर न्यायाचाही विषय होता. १८२४–३० च्या दरम्यान मुंबईत टाकसाळ उभारण्यात आली. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा व अकरा-द्वादशांश शुद्धतेचा एकच रुपया ठरविण्यात आला. त्यामुळे नाण्यांच्या बाबतीत पारखीचे काम हळूहळू राज्यसंस्थेकडे गेले. दागिन्यांच्या बाबतीत मात्र ते सराफाकडेच राहिले.

टाकसाळीत अग्निपरीक्षा वापरतात. तोलून घेतलेला नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत तापवितात. शिसे व तांबे यांचे ऑक्साइड होऊन ते मुशीत शोषले जाते. उरलेल्या मण्यातील चांदी नायट्रिक अम्लात विरघळवून मागे राहिलेले शुद्ध सोने पुन्हा तोलतात. ही पद्धत अत्यंत अचूक असली, तरी तीत नमुना नष्ट होतो. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्राने दागिन्यास धक्का न लावता कस कळतो. तथापि ते यंत्र केवळ पृष्ठभागाजवळील थर वाचते.

स्वातंत्र्योत्तर काळात जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनी १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी घातली. त्यामुळे असंख्य सोनार बेकार झाले. कसाचे हे बंधन १९६६ मध्ये उठले, परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत अंमलात होता. पुढे भारतीय मानक संस्थेने २००० मध्ये सोन्याच्या व २००५ मध्ये चांदीच्या दागिन्यांवर प्रमाणमुद्रेची ऐच्छिक योजना सुरू केली. २३ जून २०२१ पासून ती सोन्याच्या दागिन्यांसाठी २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून सहा वर्णांकांच्या विशिष्ट ओळखखुणेविना मुद्रांकित दागिन्यांची विक्री बंद करण्यात आली. मुद्रेवरील ९१६ हा अंक २२ कॅरट, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने दर्शवितो. ७५० हा १८ कॅरटचा निदर्शक होय.

या बदलाचे महत्त्व नवी मुंबईत विशेष जाणवते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर ठाणे व रायगड (पूर्वीचा कुलाबा) या जिल्ह्यांतील गावांच्या भूमीवर हे नगर वसले. पनवेल व उरण यांसारख्या जुन्या बाजारपेठांत सराफ व गिऱ्हाईक यांचे संबंध पिढीजात असत. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील वसाहतींत मात्र निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे राहू लागली. त्यांना असा ओळखीचा सराफ नव्हता. ओळखीची जागा तेथे मुद्रेने घ्यावी, हे स्वाभाविक होते.

तथापि मुद्रा केवळ कस सांगते, किंमत नव्हे. घडणावळ, घट व खडे यांची किंमत खरेदीच्या वेळी मोजली जाते; मोड करताना मात्र ती सहसा परत मिळत नाही. तारणावर कर्ज देतानाही फक्त धातूचेच मूल्य धरतात. आजीच्या पेटीतील पाटल्या व पुतळ्यांची माळ यांवर अशी मुद्रा नसते. त्यांचा कस ठरविताना अधिकृत केंद्रातील परीक्षेचा आग्रह धरणे हे स्त्रीधनाच्या रक्षणाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. कारण कसाबाबत संशय असला, की त्याचा बट्टा विकणाऱ्यालाच सोसावा लागतो.