रिठ्याचा फेस

रेशमाला रिठा, हे आपल्याकडे इतकं ठरून गेलंय की जुन्या ग्रंथांतही तसंच असेल असं वाटतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीचा श्लोक आहे. त्यात रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, बकरीच्या लोकरीचं कांबळं रिठ्याने, तलम अंशुपट्ट बेलफळाने आणि जवसाच्या धाग्याचं क्षौम पांढऱ्या मोहरीने धुवायला सांगितलंय. म्हणजे रिठा आला कांबळ्याच्या वाट्याला! रेशमाला खारी माती लावू द्यायला आज कुठलाही वस्त्रसंवर्धक धजणार नाही. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि क्षार प्रथिनाला खातो. तरी कापड बदललं की धुण्याचं साधनही बदललं पाहिजे, ही जाण त्या यादीत आहे.

रिठा रेशमाला मानवतो तो सालीतल्या सॅपोनिनमुळे. काळी बी काढून टाकायची, साल रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुस्करून पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. ते तपकिरी पाणी हलवलं की फेसाळतं. साबण क्षारधर्मी, तर हे किंचित आम्लधर्मी. शिवाय विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा चिकट साका कापडात अडकतो, तसा रिठ्याचा होत नाही. पैठण्या आणि गरम शाली साबणापासून लांब ठेवणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र हाताने ठाऊक होतं.

युरोपात रिठा नव्हता, पण सॅपोनिन देणारी सॅपोनेरिया नावाची वनस्पती होती. इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्सला अपपार्क नावाची हवेली आहे. तिथले अठराव्या शतकातले रेशमी पडदे विसाव्या शतकापर्यंत अगदी जीर्ण झाले होते. १९३०च्या दशकात घरच्या मालकीणबाई लेडी मीड-फेदरस्टनहॉ यांनी ते सॅपोनेरियाच्या काढ्यात धुतले आणि मग सुटलेले धागे टाक्याटाक्याने बसवले. फाटक्या पडद्यांना नवं कापड हा श्रीमंतांचा सोपा उपाय होता. बाईंनी तो टाळला, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुढे संवर्धनाचं शिक्षण उभं राहिलं. कॅरेन फिंच यांनी १९७५मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात वस्त्रसंवर्धन केंद्र काढलं. वनस्पतीच्या काढ्यात सॅपोनिनसोबत रंग, साखरा आणि आणखी काय काय उतरतं, दर खेपेला त्याचं प्रमाण बदलतं आणि उरलेला अंश धाग्यात राहतो. म्हणून संग्रहालयांनी मोजून वापरता येणारे सौम्य डिटर्जंट जवळ केले. घरच्या वापरातल्या साडीला रिठा चालतो. दोनशे वर्षांच्या वस्त्राला तो लावावा असं मलाही वाटत नाही.

आणि तिथे मुळात धुण्याआधीच थांबावं लागतं. प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब टाकून पांढरा टिपकागद दाबतात. कागदाला रंग लागला की पाण्यात बुडवण्याचा बेत रद्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजन वाढवण्यासाठी कथलाचे क्षार पाजलेलं रेशीम तर ओलं करायचं म्हटलं तरी धडकी भरते, कारण ते घडीवर नुसतं हाताळलं तरी चिरतं. अशा कापडावर बारीक जाळी धरून, मंद ओढीच्या व्हॅक्यूमने फक्त धूळ काढतात.