सात चाळींचा तुरुंग

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहणाऱ्याला वसाहत कशी उभी राहते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत उतरलेली सिंधी कुटुंबं, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते झालेलं नामकरण, हे सगळं इथे घराघरांत ऐकायला मिळतं. अंदमान मात्र आपण सेल्युलर जेलमधल्या सावरकरांच्या एका कोठडीपुरतंच ओळखतो. त्या कोठडीविषयीचा आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं, की ती ज्या व्यवस्थेचा भाग होती तिची वाटचाल फार आधी सुरू झाली होती.

सुरुवात केली ती मुंबईच्याच नौदलातल्या माणसाने. 'बॉम्बे मरीन'चा लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने 1789 मध्ये चॅथम बेटावर पहिली वसाहत वसवली. पुढे ती उत्तर अंदमानात हलवली, तिथे रोगराईने माणसं मेली आणि 1796 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गाशा गुंडाळला. म्यानमारच्या आराकान डोंगररांगेचा बुडालेला भाग म्हणजे ही बेटं. चेन्नई काय नि कोलकाता काय, दोन्हीकडून समुद्रमार्गे बाराशे किलोमीटरच्या आसपास. माणूस पळून जाऊ नये यासाठी याहून सोयीची जागा इंग्रजांना सापडली नसती. 1857 चा उठाव झाला आणि त्यांना ती आठवली. 10 मार्च 1858 रोजी डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. त्याच वर्षी कराचीहूनही कैद्यांचं जहाज आलं. पुढे नव्वदेक वर्षांनी त्याच बंदरातून निघालेली माणसं आपल्या कॅम्पांत उतरली.

या बेटांवर आधीच राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. 1859 मध्ये पोर्ट ब्लेअरमधल्या ॲबरडीनला ग्रेट अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन बंदुकांवर चालून गेले. हरले. त्यानंतर 1877 च्या गोवरासारख्या साथींनी उरलेलं काम केलं. एके काळी हजारोंनी असलेली ही जमात आज पन्नासाच्या आसपास आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीपुढे हात जोडताना हेही लक्षात असावं.

सेल्युलर जेल ही या दंडवसाहतीची उशिराची भर. तोवर कैदी उघड्यावर राबत, व्हायपर बेटावर साखळदंडात ठेवले जात, आणि शिक्षेचा काही काळ नीट काढला की त्यांना जमीन कसायला, लग्न करायला मुभा मिळे. त्यांची मुलंबाळं म्हणजे तिथले 'लोकल बॉर्न'. सरकारला वाटलं, शिक्षा फार सैल झाली. 1896 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1906 मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात तिमजली चाळी. एका चाळीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोर माणसाचं तोंड दिसायचं नाही. दाराचा कडी-कोयंडा पाहण्यासारखा आहे. लांब दांड्याची कडी दारापासून दूर, बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात अडकवलेली. गजांतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. असली अक्कल ज्याने लढवली त्याला मानवी हाताची लांबी पक्की ठाऊक होती.

सावरकरांना ठाण्याहून रेल्वेने मद्रासला नेलं. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही त्या गाडीचीच वाट. 4 जुलै 1911 रोजी ते या तुरुंगात आले. थोरले बंधू बाबाराव तिथे आधीपासून होते. कोलू फिरवून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, कमी पडलं तर मार. दोघा भावांना 1921 मध्ये परत आणलं. 1932 मध्ये राजबंदी पुन्हा येऊ लागले. 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नामदास यांचा बळजबरीने दूध पाजल्यामुळे अंत झाला. 1937 च्या उपोषणानंतर सरकार नमलं आणि राजबंदी मायदेशी परतले.

इथे गोष्ट संपत नाही. 1941 च्या भूकंपाने इमारतीला धक्का दिला, 1942 मध्ये जपानी आले आणि त्यांनी याच कोठड्यांत बेटांवरच्याच रहिवाशांना डांबलं. डॉ. दिवाण सिंग हे पंजाबी कवी 1944 मध्ये त्यांच्या छळाने गेले. स्वातंत्र्यानंतर, उल्हासनगरचं बारसं झालं त्याच 1949 पासून, पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांना या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या. तुरुंगाच्या काही चाळी जपानी काळात पडल्या, काही आपल्याच सरकारने पाडल्या. त्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. जुन्या राजबंद्यांनी आवाज उठवला म्हणून तीन चाळी वाचल्या, आणि 11 फेब्रुवारी 1979 रोजी मोरारजी देसाईंनी त्या राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केल्या. रुग्णालयाची गरज होती हे मान्य, पण त्यासाठी हीच जागा लागत नव्हती.

सहलीला जाणाऱ्यांना एवढीच विनंती. सावरकरांच्या कोठडीत फोटो काढून लगेच खाली उतरू नका. मनोऱ्यातल्या नावांच्या पाट्या प्रांतवार वाचा, आणि जमलं तर एक दिवस व्हायपर बेटासाठी ठेवा.