लहान उडते कीटक : शरीररचनेवरून ओळख

दिव्याभोवती किंवा कुंडीच्या मातीवर घिरट्या घालणारा दोन-चार मिलिमीटरचा अनोळखी कीटक ओळखताना रंग हा सर्वांत कच्चा पुरावा. आधी पंख पाहावेत. लिनियसने १७५८ मध्ये कीटकांचे गण पाडताना पंखांवर भर दिला आणि तो निकष अजूनही बराचसा टिकून आहे. फुलावर एकाच जागी तरंगणाऱ्या माशीच्या पोटावर गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असतात. पण तिला नांगी नसते आणि पंखही दोनच. मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक घुंड्या उरलेल्या असतात. डास, चिलटे आणि न्हाणीघराच्या भिंतीवरची पतंगासारखी केसाळ माशी हे सारे याच द्विपंखी गणातले. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीला मात्र चार पंख असल्याने ती माशी नव्हेच. ती माव्याची नातलग.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटवर झेपावणाऱ्या ‘पंखवाल्या मुंग्या’ पुष्कळदा वाळवी असतात. भिंगाखाली फरक लपत नाही. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे, शृंगिका मणी ओवल्यासारख्या सरळ आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, शृंगिका कोपरात वाकलेल्या आणि कंबर चिमटीत धरल्यासारखी. सकाळी फरशीवर नुसते पंख पडलेले दिसले, तरी त्यांची लांबी ताडून बराच उलगडा होतो.

मधमाशीवर्गात मागचे पंख पुढच्यांना सूक्ष्म आकड्यांनी अडकलेले असतात, त्यामुळे चाराचे दोन वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. तिथे पंखांमागच्या घुंड्या शोधाव्यात. त्या नसतील तर माशी नव्हे. पिठ्या ढेकणाच्या नराचे उदाहरण अधिक अडचणीचे आहे: त्याला खरोखरच दोनच पंख असतात. पण त्याला खाण्याजोगे तोंड नसते आणि शेपटाकडे मेणाचे लांब धागे असतात. म्हणजे पंखांची मोजणी चुकीची ठरत नाही, तिला तोंडाची आणि शेपटाची साक्ष जोडावी लागते. मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोत हीच साक्ष हरवते. बाजूने काढलेला फोटो बरा.

अर्थात या खुणा गणापर्यंत किंवा कुळापर्यंत नेतात, जातीपर्यंत क्वचितच. केळ्यांवरच्या लाल डोळ्यांच्या फळमाश्यांतल्या दोन जवळच्या जाती खात्रीने वेगळ्या करायच्या, तर नराच्या जननांगाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. एकटी मादी हाती आली, तर नुसत्या रूपावरून निर्णय देणे तज्ज्ञालाही अवघड जाते.