खात्यात चुकून पैसे आले? खर्च करू नका, परस्पर परतही पाठवू नका

मोबाइल किंवा खाते क्रमांकातला एक आकडा चुकला, तरी अनोळखी व्यक्तीचे पैसे तुमच्या खात्यात येऊ शकतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार अशी रक्कम परत करावीच लागते. ती अप्रामाणिकपणे वापरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली ६ महिने ते २ वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे.

‘चुकून पाठवले, परत करा’ असा फोन आला, तर मेसेजवर विसंबू नका. खात्यातली शिल्लक पाहा. पैसे खरंच आले असले, तरी सांगितलेल्या नंबरवर पाठवू नका. रक्कम फसवणुकीतली असल्यास तुमचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. बँकेला व्यवहार क्रमांकासह लेखी कळवा, पोच घ्या आणि पैसे बँकेमार्फतच परत करा. फसवणुकीचा संशय असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.