ग्वाल्हेरची रुप्याची गाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात, भोजनाच्या लांबलचक मेजावर, रुप्याची एक चिमुकली आगगाडी उभी आहे. महाराज माधवराव शिंदे (राज्यकाल १८८६ ते १९२५) यांच्या हौसेचे हे फळ. घडविली नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या नामांकित कारखान्याने. विजेवर चालणारे इंजिन आणि त्यामागे सात डबे. प्रत्येक डब्यावर एकेक रोमन अक्षर. ओळीने वाचली की ‘सिंदिया’ हे घराण्याचे नाव तयार होते.

खेळण्यातल्या गाडीचे डबे सहसा खऱ्या डब्यांची नक्कल असतात. येथे त्यांना वाढप्याची चाकरी दिली होती. मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन गाडी मेजाभोवती फिरे. पाहुण्याने सुरई उचलताच ती जागीच थांबे, सुरई परत ठेवली की पुन्हा निघे. आग्रह न करणारा असा वाढपी मराठी पंगतीत विरळाच! रुप्याच्या झगमगाटापेक्षा ही युक्तीच अधिक मोलाची.

महाराजांची हौस मेजापुरती नव्हती. त्यांच्याच अमदानीत दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली आणि भिंड, शिवपुरी, श्योपूर ही गावे राजधानीला जोडली गेली. ग्वाल्हेर ते श्योपूर हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर ती संथपणे कापी. डबे भरले की खेडूत टपावर चढत. रूळ रुंद करावयाचे म्हणून २०२० साली ती बंद झाली. रुप्याची गाडी तेवढी संग्रहालयात तिकीट काढून पाहावयास मिळते.